शस्त्र आणि अवजार

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्राची पूजा होते, तशीच अवजाराचीही होते. घरात तलवार असेल तर ती आणि नसेल तर कोयती, करवत, शिवणयंत्र, झालेच तर लेखणीदेखील पाटावर मांडली जाते. आपल्या रोह्यात तर दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. तेव्हा रोहेकराला शस्त्राचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. परंतु शस्त्र आणि अवजार एका पाटावर बसले म्हणून ते एकाच जातीचे ठरत नाहीत, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

हे सांगण्यास निमित्त आहे एका परदेशी छंदाचे. अमेरिकेत जुने रिव्हॉल्व्हर विकत घेऊन घरच्या कार्यशाळेत त्याला नवे रूप देणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. कोणी मूठ बदलतो, कोणी नळीला झिलई देतो, कोणी चापाची स्प्रिंग हलकी करतो. मोबाईलवर हे सारे पाहून आपल्याकडील तरुणालाही आपण असे काही करावे असे वाटते. त्या वाटण्याला मी हसणार नाही. यंत्र उघडून पाहावे, ते कसे चालते हे हाताला कळावे, ही ओढ चांगलीच आहे. प्रश्न आहे तो यंत्राच्या निवडीचा.

पहिली गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनविणे हा गुन्हा आहेच, पण ती दुरुस्त करणे किंवा तिच्यात फेरफार करणे हाही गुन्हा आहे. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरील ओळखीचा क्रमांक खोडता वा बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडणाऱ्यास किमान सात वर्षांची शिक्षा असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेतील माणसाची रविवारची करमणूक ती येथे तुरुंगाची वाट!

यावर कोणी म्हणेल, हा तर इंग्रजांचाच वारसा. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्रबंदीचा कायदा आणला आणि पुढच्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंडाचे निशाण उभारले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण तो कायदा परक्यांनी प्रजेच्या भीतीपोटी केला होता. आजचा कायदा आपल्याच संसदेने केला आहे. त्याच्या एखाद्या कलमावर वाद घालावा, जरूर घालावा. पण घरातल्या कानशीने त्याला उत्तर देऊ नये.

दुसरी गोष्ट धोक्याची. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे चक्र फिरते आणि घोडा पडण्याच्या क्षणी चक्राचे छिद्र नळीशी तंतोतंत जुळावे लागते. झिजलेल्या शस्त्रात ते केसभर चुकले तरी गोळी नळीच्या काठावर आदळते. शिवाय काळ्या दारूच्या काळातील लोखंड नव्या दारूचा दाब सोसेलच असे नाही. घड्याळ बिघडले तर वेळ चुकते. येथे हात जातो.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. जुने शस्त्र हा एक दस्तऐवज असतो. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले आणि खिशातील टिपणवहीच्या धातूच्या गुंडीमुळे हॉटसन वाचले. असे एखादे रिव्हॉल्व्हर हाती आले आणि कोणी हौशी माणसाने ते घासूनपुसून, नवी मूठ बसवून चकचकीत केले, तर काय उरेल? त्यावरील क्रमांक, कारखान्याचा शिक्का, मुठीची झीज हीच त्याची अक्षरे. जुन्या बखरीवर कोणी नव्या शाईने गिरवीत नाही. जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेला उद्या कोणी सोनेरी रंग फासला, तर आपण त्याला रसिक म्हणू काय?

याचा अर्थ जुने शस्त्र माळ्यावर गंजत ठेवावे असा नाही. परवानाधारक वारल्यावर वारसांनी ते रीतसर जमा करून पुढील परवानगी घ्यावी. दुरुस्ती लागलीच तर परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावी. आणि ऐतिहासिक मोल असेल तर संग्रहालयाचे दार ठोठवावे. ते कोणाचे, कोठून आले, घरात त्याविषयी काय सांगतात, हे आजोबांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवणे हे तर आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचेच काम. त्याला कोणताही परवाना लागत नाही.

आणि ज्याच्या हाताला खरोखरच लोखंडाची ओढ आहे, त्याने धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथसमोर जरा उभे राहावे. बंद पडलेले शिवणयंत्र, शेतावरचा रुसलेला पंप, आजीचे थांबलेले घड्याळ ही सारी त्याची वाट पाहत आहेत. ती चालू झाली तर घरातील चार माणसे सुखावतील. रिव्हॉल्व्हर चालू झाले तर कोण सुखावेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.