जादूगार आणि बाबा

लहानपणी बहिरमच्या जत्रेत आम्ही रबरी पाल अन् जादूचे पत्ते घेतले होते. दुकानदाराने पत्त्यांसोबत त्यातली युक्तीही सांगितली. पैसे घेतले ते त्या युक्तीचेच!

पुण्याचे रघुवीर भोपळे (१९२४-१९८४) देशोदेशी प्रयोग करीत, पण नावामागे ‘जादूगार’च लावीत; बाबा किंवा महाराज नव्हे. तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असे की, ही हातचलाखी आहे.

वस्तीत येणारा बाबा मात्र युक्ती लपवतो. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लाल होते; तो म्हणतो, करणीचे रक्त निघाले! पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकले की थोड्या वेळात आपोआप पेट घेते. तो म्हणतो, मंत्राने होम पेटला! मजुरी बुडते ती बुडतेच, कधी माणूसही जातो.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र करणे गुन्हा ठरवले आहे.

माय-बहिणींनो, आज घरी लेकरांना हळद-चुन्याचा प्रयोग करून दाखवा. युक्ती कळलेले लेकरू उद्या साप चावल्यावर मांत्रिकाकडे नाही, इर्विन दवाखान्याकडे धावेल.