कल्पना कोणाची, नाव कोणाचे?

सोनगीर - मुंबई-आग्रा महामार्गावरील हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. भांड्यावर नाव घालण्याची रीत जुनीच. मात्र कोरले जाते ते देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे, घडविणाऱ्याचे नव्हे. भांड्याच्या घाटावर तर कोणीच हक्क सांगत नाही. कथेच्या कल्पनेची अवस्था कायद्याच्या लेखी फारशी निराळी नाही, आणि लहान गावातून मुंबईच्या निर्मात्याकडे कथानक घेऊन जाणाऱ्या लेखकाची खरी अडचण तीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या दाव्यात हा प्रश्न निकाली काढला. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' हे आपले नाटक दिग्दर्शक मोहन सैगल यांना ऐकविले होते. पुढे १९५६ मध्ये 'न्यू देल्ही' हा चित्रपट आला. प्रांतभेदाचा विषय दोहोंत समान असला, तरी कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, असे सांगून न्यायालयाने आनंद यांचा दावा फेटाळला.

मग लेखकाने तोंड मिटून बसावे काय? तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात विश्वासाने सांगितलेल्या कल्पनेलाही संरक्षण दिले. परंतु ती कल्पना तपशिलाने विकसित झालेली आणि गोपनीय राखण्याच्या भावनेने दिलेली असावी लागते. 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाविरुद्धच्या दाव्यात २०२१ मध्ये याच न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. नेमके कोणते गुपित दिले होते, हे दावेदाराला काटेकोरपणे दाखविता आले पाहिजे, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. थोडक्यात, चहाच्या टपरीवर रंगवून सांगितलेली गोष्ट न्यायालयात टिकत नाही. तारीखवार लेखी मसुदा, पटकथा लेखकांच्या संघटनेकडे केलेली नोंदणी आणि ईमेलने केलेला पत्रव्यवहार मात्र उपयोगी पडतो.

हे झाले निर्मात्यांपुरते. लेखकमित्रांमध्ये कोण दावा लावणार? तेथे चालते ती रीतच, आणि तिचा ठळक दाखला खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव व मावसबंधूंनी वहीत उतरवून ठेवल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्यावर त्यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले ते 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने. अक्षर मुलांचे, नाव आईचे. वहीतील काही ओळी सोपानदेवांनी आपल्या कवितांत मिसळल्या असत्या, तर त्या काळी कोणाला पत्ता लागला असता?

हल्ली दिवाळी अंकाच्या आधी मित्राकडून ऐकलेल्या प्रसंगाची कथा होते आणि मित्राला ती छापून आल्यावरच वाचायला मिळते. त्याने त्याच बीजावर लिहायला घेतले असेल, तर त्याची कथा वाया जाते. हे नुकसान मानधनात मोजता येत नाही. लिहिण्याआधी 'हे तू वापरणार आहेस का?' एवढे विचारायला फार कष्ट पडत नाहीत. होकार मिळाला, तर कथेखाली ऋणनिर्देशाची एक ओळ पुरते. संपादकांनीही ती ओळ जागेअभावी कापू नये. दिवाळी अंकांत जाहिरातींना जागा कमी पडल्याचे अद्याप ऐकिवात नाही.