नवा जोडा, जरा दमानं

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, फोंडा घाटाच्या अर्ध्या चढावर माझ्या पिकअपचं हाऊसिंग आवाज मारायला लागलं. मागे हापूसच्या साठ पेट्या होत्या, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि क्राऊन-पिनियनचा जोडा त्याच दिवशी दुपारी नवा बसवला होता. ॲक्सिलरेटर दाबला की बारीक हूंऽऽ, पाय उचलला की गप्प. दाजीपूरला गाडी बाजूला घेऊन खाली वाकलो आणि हाऊसिंगला हात लावला, तो लगेच मागे घ्यावा लागला. तापलेल्या गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास ज्यांनी एकदा घेतलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

माल पहाटे कोल्हापूरच्या मार्केटला पोहोचला. गाडी त्यानंतर आणखी नऊ दिवस चालली.

मी देवगडचा. बावीस वर्षं आंबा वाहतो. इंजिन बोअर केल्यावर गाडी हजार किलोमीटर सांभाळून चालवायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. नवे ब्रेक-लायनर बसायला दोन दिवस लागतात, हेही ठाऊक असतं. मग मागच्या डिफरन्शियलचा नवा जोडाही रुळायला वेळ मागतो, हे मला बावीस वर्षांत एकाही गॅरेजवाल्याने का सांगितलं नाही? महामार्गालगतच्या ज्या गॅरेजात काम झालं तिथे मला ‘झाली गाडी, न्या’ एवढंच सांगितलं गेलं. बिलावर जोडा, बेअरिंगं, सील, ऑइल, मजुरी असं सगळं होतं. गाडी पहिले काही दिवस कशी चालवायची, याची एक ओळ नव्हती. आणि पेट्या अंगणात तयार होत्या.

दुसऱ्यांदा काम केलं ते कोल्हापूरला, उद्यमनगरात. सत्तरी गाठलेल्या मिस्त्रींनी हाऊसिंग उघडलं, क्राऊन बाहेर काढून फडक्याने पुसला आणि दुकानाच्या दारात उन्हाला नेऊन मला दाखवला. दातांच्या ज्या बाजूने घाटात जोर पडतो त्या बाजूवर, कानशीने ओढाव्यात तशा रेघोट्या होत्या. उलट बाजू अजून नव्यासारखी चकचकीत. त्यांनी शिम तपासल्या, त्या बरोबर होत्या. दातांवरचा खुणेचा पट्टा जिथे हवा तिथेच उमटलेला दिसत होता. ‘सेटिंगला बोट ठेवाय जागा नाही मालक,’ ते म्हणाले, ‘पण जोडा नवा होता, जरा दमानं घ्यायचं हुतं.’

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यावं. क्राऊन आणि पिनियन हे सुटे दोन भाग नव्हेतच. कारखान्यात बहुतेक जोडे एकमेकांवर घासूनच तयार होतात, म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावायचा नाही, तो त्यासाठीच. पण कारखान्यातलं ते घासणं झाल्यावरही दाताच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे राहतात. शेवटची घासाई होते ती रस्त्यावर, आपल्या गाडीत. त्यातून आपल्या गाड्यांचा पिनियन क्राऊनच्या मधोमध नसतो, जरा खाली असतो. त्यामुळे दात दातावर नुसता टेकत नाही, तर सरकत जातो. या सरकण्याने गिअर मजबूत आणि शांत होतात, पण त्याच सरकण्याने उष्णताही भरपूर होते. म्हणून तर या हाऊसिंगला जीएल-५ दर्जाचं नव्वद नंबर ऑइल लागतं. दाब वाढला की त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं दातांवर पातळ थर धरतात.

आता विचार करा. चढावर पहिला गिअर, म्हणजे इंजिनाचा जोर तीन-चार पट होऊन एकट्या पिनियनवर येतो. मागे दीड टन माल. दात अजून एकमेकांवर बसलेले नाहीत, म्हणजे सगळा भार त्या मूठभर उंचवट्यांवर. तिथे उष्णता एवढी चढते की ऑइलचा थर फाटतो, दाताची वरची कडक केलेली कातडी नरम पडते आणि लोखंड लोखंडाला चिकटून फाटत जातं. एकदा ती रेघोटी पडली की दात पुन्हा बरा होत नाही. पुढे तुम्ही कितीही जपून चालवा.

मिस्त्रींनी माझ्यासमोर शेंदूर तेलात कालवला, ब्रशने क्राऊनच्या आठ-दहा दातांना लावला आणि पिनियन हाताने फिरवला. दाताच्या मध्यावर लांबट अंडाकृती खूण उमटली. ती टोकाला सरकली असती तर शिम बदलून पुन्हा पहिल्यापासून. डायल गेजवर प्ले पाहिला तो वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढा. या कामाला त्यांना अख्खा दिवस लागला. निघताना त्यांनी बिलाच्या पाठीवर बॉलपेनने चार ओळी लिहून दिल्या. त्या अशा होत्या: मोकळी गाडी पंचवीस किलोमीटर, पन्नासच्या आत, मग बंद करून पूर्ण गार. असं तीनदा. आठशेपर्यंत माल नाही. आठशेला ऑइल बदल.

मी तसंच केलं. कोल्हापुरातून राधानगरीच्या दिशेने मोकळी गाडी घेऊन निघालो, रस्त्यात एका झाडाखाली थांबलो. हाऊसिंग चांगलंच तापलं होतं. माल नाही, चढ नाही, तरी तापलं होतं! पाऊण तास बसून राहिलो, हात निवांत ठेवता येईपर्यंत. दुसऱ्या खेपेला कमी तापलं. तिसऱ्या खेपेला नुसतं कोमट. आतमध्ये दात दाताला ओळखू लागल्याचं मला तळहाताला कळत होतं. आठशे किलोमीटरला ड्रेन प्लग काढला तर ऑइल करडं झालेलं, त्यात चंदेरी झाक. चुंबकाला काजळासारखा मऊ लेप. हा लेप म्हणजेच ते झिजलेले उंचवटे. तो तसाच आत फिरत ठेवला तर बेअरिंगं खातो, म्हणून पहिला ऑइल बदल टाळायचा नाही. बोटांना कण किंवा चकत्या लागल्या तर मात्र गाडी तिथेच उभी करायची. पहिली भरलेली खेपही थोड्या मालाची ठेवली आणि घाट चढण्याआधी फोंड्याला थांबून हाऊसिंग गार होऊ दिलं.

मला लोक विचारतात, शोरूममधून आलेल्या गाडीला कोण एवढं करतं? नव्या गाडीच्या पुस्तकातही पहिल्या किलोमीटरांत जोर देऊ नका, जादा माल भरू नका असं लिहिलेलं असतं. आपण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढत नाही, एवढंच. शिवाय कारखान्यात जोडा मोजमापाच्या यंत्रांवर बसतो, गॅरेजात तो माणसाच्या हाताने बसतो. हाताने बसवलेल्या कामाला जास्तच सबुरी हवी.

दोष फक्त गॅरेजवाल्यांचा नाही. गाडी उभी राहिली तर बँकेचा हप्ता थांबत नाही, बागायतदाराचा आंबा थांबत नाही, आणि पिकलेला आंबा तर रात्रही थांबत नाही. मिस्त्रीने ‘चार दिवस माल भरू नका’ म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातं, हे त्यालाही माहीत असतं. म्हणून तो बोलत नाही. पण न बोलल्याने माझा एक जोडा गेला, दोनदा मजुरी गेली आणि ऐन हंगामात गाडी सहा दिवस उभी राहिली. चार दिवस वाचवायला गेलो आणि सहा गमावले.

गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे. जोड्याचं काम केलंत तर उद्यमनगरच्या मिस्त्रींसारख्या त्या चार ओळी बिलावर लिहा. शक्य तर छापूनच घ्या. तोंडी सांगितलेलं गडबडीत राहून जातं. बागायतदारांनीही गाडीवाला ‘परवा येतो’ म्हणाला तर त्याला कामचुकार समजू नये.

आणि माझ्या गाडीवाल्या भावांनो, आज फेब्रुवारीची वीस तारीख आहे. ज्याचं हाऊसिंग आत्ताच आवाज मारतंय त्याने एप्रिलची वाट बघू नये. काम याच महिन्यात करून घ्या, आठशे किलोमीटर मोकळी गाडी फिरवा, ऑइल बदला, आणि मगच पहिली पेटी चढवा.