मौन म्हणजे संमती नव्हे

दत्तकपत्रावर सही पतीने करावयाची, मुलास मांडीवर पतीने घ्यावयाचे, आणि पत्नीने शेजारच्या पाटावर बसून ते पाहावयाचे, ही रीत पुष्कळांस अजूनही निर्दोष वाटते. “ती शेजारी बसली होती ना? मग संमती झालीच!” असे म्हणणारे विद्वान आम्हांस अनेक भेटले आहेत.

या मंडळींस शास्त्राचा मोठा आधार वाटतो. तो आधार किती पक्का आहे पाहा. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, अशा आशयाचे वसिष्ठाचे वचन आहे. त्यावरून मिथिलेच्या पंडितांनी विधवेस दत्तक घेताच येत नाही असे ठरविले; बंगालने पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा मागितली; आणि महाराष्ट्राने, नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखास अनुसरून, तिची जरूर नाही असे मानले. वचन एक, निर्णय तीन! तेव्हा धर्म बुडाला अशी ओरड करणारांनी आधी कोणता धर्म ते सांगावे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने पतीवर पत्नीच्या संमतीची अट घातली, हे योग्यच झाले. परंतु नांदत्या स्त्रीस स्वतः दत्तक घेण्याचा हक्क मिळावयास २०१० साल उजाडावे लागले. मूल दत्तक देण्याचा आईबापांचा अधिकारही त्याच वर्षी समान झाला. पुढे २०११ साली, पत्नी समारंभास मूकपणे हजर होती एवढ्यावरून तिची संमती गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. पाटावरच्या मौनाचा अर्थ लावणारांचे तोंड तेव्हाच बंद व्हावयास हवे होते.

परंतु आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. घटस्फोटानंतर बाप मुलाकडे फिरकत नाही. आई पुनर्विवाह करते. सावत्र बाप मुलाची फी भरतो, तापात उशाशी बसतो. या कायद्याने त्यास ते मूल दत्तक घ्यावयाचे असल्यास पहिल्या बापाची संमती हवी. त्याने सर्वसंगपरित्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्यास वेडा ठरविले असेल, तरच ती लागत नाही. पोटच्या मुलास वाऱ्यावर सोडणे हे कारण त्या यादीत नाही!

बापाची संमती सरसकट उडवून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. दत्तविधानाने जन्मकुळाचे नाते तुटते. केवळ रागापोटी चांगल्या बापास मुलाच्या आयुष्यातून पुसून टाकणे हाही अन्यायच. म्हणून नकार देणाऱ्याने कारण सांगावे, न्यायालयाने ते तोलावे, आणि ज्याने वर्षानुवर्षे कर्तव्य टाळले त्याचा नकार निष्फळ ठरवावा. कर्तव्य सोडून केवळ अधिकार कवटाळणे यास पितृत्व म्हणत नाहीत.

आणि ज्याच्या जन्माचा हा प्रश्न, त्या मुलास कोण विचारतो? बालन्याय कायद्याखालील नियमांत, नातलगांतील दत्तकास पाच वर्षांच्या मुलाचीही संमती लागते. १९५६ च्या कायद्यात मात्र पंधरा वर्षांखालील मूल देता येते, आणि त्याच्या संमतीचा उल्लेखही नाही. एका दारी पाच वर्षांच्या बालकाचे ऐकतात. दुसऱ्या दारी चौदा वर्षांच्या शहाण्या मुलाचे ऐकण्याची सक्ती नाही! पत्नीच्या मौनाचा सोयीस्कर अर्थ काढण्याची खोड न्यायालयाने मोडली; मुलाच्या मौनाची खोड मोडण्याचे काम विधिमंडळाचे आहे, आणि ते त्याने आणखी लांबणीवर टाकू नये.