शाळा समितीतील निवृत्त गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. शाल-श्रीफळ स्वीकारून तो घरी परततो आणि तीसेक वर्षांत साठलेले त्याचे ज्ञान बंद गिरणीतील यंत्रांप्रमाणे पडून राहते. या साठ्याकडे शासनाचे लक्ष गेले नाही असे नाही. पण गेले ते काटकसरीच्या वाटेने. नियमित शिक्षकभरती रखडलेली असताना, जुलै २०२३ मध्ये, निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर जिल्हा परिषदेच्या शाळांत पुन्हा नेमण्याचा निर्णय झाला. पदविका घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या तरुणांनी त्याला विरोध केला, तो रास्तच होता. निवृत्तिवेतन घेणारा मनुष्य स्वस्तात मिळतो म्हणून त्याला रिकाम्या पदावर बसवायचे, याला अनुभवाची कदर म्हणता येत नाही. निवृत्त शिक्षकाला शोभेल अशी जागा शाळा व्यवस्थापन समितीत आहे, आणि कायद्याने तिची तरतूद आधीच करून ठेवली आहे.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना अशी समिती बंधनकारक आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. बारा सदस्यांची समिती धरली तर नऊ पालक झाले. उरलेल्या तिघांत एक ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्य, एक शाळेतील शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष पालकांतून निवडायचा, मुख्याध्यापक सचिव. या रचनेतील शिक्षणतज्ज्ञ पालकांनी ठरवायचा असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. पुष्कळ ठिकाणी ते नाव मुख्याध्यापकाने सुचवावे, पुढाऱ्याने मान डोलवावी आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' असे लिहून मोकळे व्हावे, असाच प्रघात पडला आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीच्या दृष्टीने या जागेला विशेष महत्त्व आहे. निवृत्तीच्या सुमारास शहराच्या कडेला ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधावे, ही विदर्भातील नोकरदाराची जुनी आकांक्षा. साहजिकच अशा वस्त्यांत निवृत्त शिक्षकांची वाण नसते. पण त्यांची नातवंडे बहुधा शहरातील इंग्रजी शाळांत जातात, आणि जिल्हा परिषद शाळेच्या पटावर मुख्यतः मजुरी, धुणीभांडी किंवा किरकोळ धंदा करणाऱ्यांची मुले उरतात. शाळेचे अंतरंग जाणणाऱ्या माणसाचा शाळेशी संबंध तुटतो, तो असा. ज्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि ज्याच्या शेजारी सेवाग्रामात नयी तालीमचा प्रयोग झाला, त्याच परिसरात हे घडावे, याचे वैषम्य वाटते.

समितीपुढील काम सभा भरवून सह्या घेण्याइतके सोपे नाही. कलम २२ प्रमाणे तिने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि पुढील अनुदानाचा आधार तोच मानला जावा असे कायदा म्हणतो. समग्र शिक्षा योजनेत शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेला ५०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळू शकते. त्यातील निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. रक्कम मोठी नाही. पण खडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती, मुलींचे स्वच्छतागृह यांची तोंडमिळवणी तिच्यातूनच व्हायची असते. ३० सप्टेंबरचा पट कोणत्या इयत्तेत किती भरला यावर संच मान्यतेत शिक्षकाचे पद टिकते की जाते, हे किती पालकांना ठाऊक असते? निवृत्त शिक्षकाला ते ठाऊक असते. कोणते बिल फुगवलेले आहे, कोणता हजेरीपट घरी बसून भरला आहे, हे त्याला एका नजरेत कळते. कदाचित काही वेळा त्याने स्वतःही तो तसा भरलेला असतो! मुख्याध्यापकाला सगळे माहीत आणि अध्यक्षाला काहीच नाही, अशा समितीत देखरेखीचा अधिकार कागदावरच राहायचा.

तथापि यात धोकेही आहेत. पहिला व्यवसायबंधुत्वाचा. पूर्वीचा सहकारी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत असेल, तर गुरुजींची तीक्ष्ण नजर एकाएकी मंद होऊ शकते. दुसरा धोका आदराचा, आणि तो अधिक गंभीर म्हणावा लागेल. गुरुजी बोलू लागले की ज्यांनी त्यांच्याच हाताखाली पाटी गिरवली असे पालक गप्प बसतात. नऊ पालकांची समिती मग एका माणसाची होते, आणि ग्रामशिक्षण समितीच्या काळात जे वजन सरपंचाचे असे ते आता गुरुजींकडे जाते. म्हणून त्या शाळेत काम केलेल्या शिक्षकाला त्याच शाळेच्या समितीवर घेऊ नये. शेजारच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेला आणि बोरगावात राहणारा शिक्षक शोधावा. त्याने ठराव मांडू नयेत. प्रत्येक सभेत जमाखर्च आणि पट मोठ्याने वाचून दाखवावा, मजूर आईला कळेल अशा शब्दांत, आणि प्रश्न विचारण्याचे काम तिच्याकडे सोपवावे.

त्यासाठी अर्थात ती आई सभेला हजर हवी. महिन्याची सभा सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारीवरील बाईची दिवसाची मजुरी बुडते आणि निवृत्तिवेतनधारकाचे काहीच बुडत नाही. अशा सभेत कोणाचे चालणार हे वेळच ठरवून टाकते. सभा संध्याकाळी सहाला किंवा सुटीच्या दिवशी घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. मुख्याध्यापकाची गैरसोय होईल, आणि गुरुजींच्या संध्याकाळच्या फिरण्यातही खंड पडेल.