पट विचारणाऱ्यांनो, आधी आठवड्याचे वेळापत्रक वाचा!

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेबद्दल सरकारी यंत्रणेला एकच प्रश्न सुचतो : पट किती? पट वीसच्या खाली गेला की शाळा 'परवडत नाही', पट दहाच्या खाली गेला की शाळा 'निरुपयोगी'. त्या शाळेत सोमवार ते शनिवार काय घडते, तिथल्या मुलाला आठवडाभरात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे कोणी विचारत नाही. उंब्रजच्या आसपास, कृष्णा-तारळीच्या खोऱ्यात वाड्यावस्त्यांवर पहिली ते चौथीच्या अशा लहान शाळा आहेत. तिथे शिकणारी मुले कोणाची? शेतमजुराची, भूमिहीनाची, भटक्या-विमुक्तांची, बौद्धवाड्यातली आणि हंगामात ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्या पोराला न्यायला पिवळी बस दारात येते. म्हणून शाळेच्या पटाचा प्रश्न हा सरळसरळ वर्गाचा आणि जातीचा प्रश्न आहे.

सातारा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. सावित्रीमाईंचे नायगाव याच जिल्ह्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ साली केली ती कराड तालुक्यातल्याच काले गावी. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आज राज्यभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात, फोटोला हार घातला जातो. पण त्या मुलाचा शाळेतला रोजचा दिवस कसा होता, हे किती शिक्षक सांगतात?

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात बसायला वेगळे गोणपाट. ते रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे उंब्रजच्या शेजारच्या मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची या अटीवर. त्या रात्रीच्या प्रवासात त्यांना कोणी पाणी दिले नाही. आपल्या भागातल्या प्रत्येक शिक्षकाने वर्षातून एकदा तरी हा प्रसंग वर्गात सांगायला हवा, कारण तो आपल्या स्टेशनवर घडला आहे.

या इतिहासाने शाळा मोजण्याची खरी पट्टी आपल्याला दिली आहे. मूल कुठे बसते, पाणी कुठे पिते, कोणासोबत जेवते आणि त्याला कोण शिकवते, या चार प्रश्नांवर शाळा मोजायची. आता आजचा आठवडा घेऊ.

सोमवारी परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत उद्देशिकेचे वाचन बंधनकारक झाले. पहिलीचे पोर अडखळत 'दर्जाची व संधीची समानता' म्हणते, ही लहान गोष्ट नाही. पण पाठांतर म्हणजे शिक्षण नव्हे. परिपाठ संपल्यावर व्हरांडा कोण झाडतो? स्वच्छतागृहात पाणी टाकायला रोज कोणाला पाठवतात आणि वर्गाचा मॉनिटर कोण होतो? या कामांची पाळी सर्व मुलांत फिरत असेल तर उद्देशिका वर्गात उतरली. ठरलेल्या आडनावांवरच थांबत असेल, तर गोणपाटाने फक्त रूप बदलले आहे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार इयत्ता, दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक मिळालेच पाहिजेत. कागदावर दोन असतात. त्यातला एक कधी प्रशिक्षणाला, कधी बैठकीला, कधी मतदार यादीच्या कामाला. उरलेला एक जण पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घेतो आणि मधेच मोबाईलवर पोषण आहाराची माहिती भरतो. याच कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येणार नाही. मग ऑनलाइन माहिती, फोटो, अहवाल, निरनिराळे सप्ताह आणि मोहिमा यांचा डोंगर कोणत्या कलमाखाली बसतो? अशा आठवड्यात शिकवण्याचे खरे तास किती उरतात ते कोणीतरी मोजावे. मग 'झेडपीच्या पोरांना वाचता येत नाही' हे वाक्य उच्चारावे.

आता ताटाकडे येऊ. शाळेत शिजवलेले जेवण ही कोणाची मेहेरबानी नाही. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ते प्राथमिक शाळेतल्या मुलाचा हक्क ठरवले. २००४ साली त्याच न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असे सांगितले. हेतू स्पष्ट होता. दलित बाईच्या हातचे अन्न सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत खावे. आपल्या शाळेत स्वयंपाक कोण करते? या बाबतीत न्यायालयाचा आदेश कोणी शाळा समितीच्या बैठकीत वाचून दाखवला आहे का?

त्याच ताटात नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाने आठवड्यातून एकदा अंडे आले. जे मूल अंडे खात नाही त्याला केळे. म्हणजे कोणावर सक्ती नव्हतीच. तरीही काही धार्मिक संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा वेगळा निधी बंद केला आणि हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले. ऊस तोडणाऱ्या बाईने, वीटभट्टीवरच्या बापाने आता लोकवर्गणी काढून आपल्या पोराला शाळेत अंडे द्यायचे! शेजारच्या कर्नाटकात मात्र सरकारी शाळांतल्या मुलांना अंडी मिळतात. ज्यांच्या घरी रोज दूध, तूप, बदाम आहेत त्यांनी ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांच्या ताटातले एक अंडे 'संस्कृती'च्या नावाने काढावे, याला मनुवादी मानसिकता म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

शनिवारी सकाळची शाळा. २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आला. दप्तर बाजूला ठेवून गाणी, खेळ, चित्रे, परिसरभेट. कल्पना चांगली आहे. वाडीवरच्या लहान शाळेला ती सहज जमते, कारण शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने आणि घराने ओळखतो. हंगामात कोपीवरून आलेले, अजून बाराखडी न आलेले पोर शनिवारच्या खेळात पहिल्यांदा तोंड उघडते. लहान वर्गाची हीच ताकद आहे. श्रीमंतांच्या शाळा कमी मुलांचा वर्ग म्हणून जास्त फी घेतात आणि गरिबाच्या कमी मुलांच्या वर्गाला तोट्याची शाळा म्हणतात!

या शाळांचे भवितव्य काय? २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले. 'मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान, संगणक, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, मुलांना गाडी देऊ', असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. पहिलीचे सहा वर्षांचे पोर पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडून रोज जाणार आहे का? गाडी बंद पडली, ठेकेदाराचे बिल अडकले की घरी कोण राहील? सर्वात आधी मुलगी घरी राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. ग्रंथालय आणि संगणक द्यायचेच असतील तर ते वाडीवर आणा. मूल उचलण्यापेक्षा पुस्तकांची पेटी उचलणे सोपे आहे.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी आकडे मांडले होते : प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरांत जमा होतात. शाळेचा उंबरा ओलांडून आत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. जवळपास शंभर वर्षे झाली. त्यांचा हिशोब मुलाचा होता, आजच्या सरकारचा हिशोब इमारतीचा आहे.

आणि मित्रहो, थोडे आपल्याकडेही पाहू. १४ एप्रिलला डीजेला जितकी वर्गणी निघते तितका वेळ आपण आपल्या वस्तीच्या शाळेला वर्षभरात देतो का? कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. त्या जागेवर बसलेली आपली बाई फक्त सहीपुरती आहे की प्रश्न विचारते? या महिन्याच्या बैठकीत जा. भिंतीवरचे वेळापत्रक वाचा. गेल्या आठवड्यात शिक्षक किती दिवस वर्गात होते, ताटात काय होते, झाडू कोणाच्या हातात होता, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही तर ग्रामसभेत विचारा, तिथेही नाही मिळाले तर माहितीचा अर्ज टाका.

भिवाच्या वर्गात नळ होता, पण त्या नळावर त्याचा हक्क नव्हता. आपल्या पोरांना हक्क संविधानाने दिला आहे. आता नळच काढून नेण्याचा बेत चालला असेल, तर गप्प बसणे हा गुन्हा ठरेल.

जय भीम! जय संविधान!