रतनपूरचे बिंबाजी

भिलाईतला मराठी माणूस आपली इथली कहाणी १९५५ पासून सांगतो. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि मराठी बिऱ्हाडे सेक्टरांतल्या क्वार्टरांत आली. कहाणी खरी आहे, पण ती दोनशे वर्षे उशिरा सुरू होते.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांची फौज छत्तीसगडातल्या रतनपुरावर चालून आली. खंडणी घेऊन ती पुढे बंगालकडे गेली. त्यात मिरवण्यासारखे काही नाही. १७५५ साली पहिले रघूजी भोसले वारले. त्यांच्या मुलांपैकी नागपूरची गादी जानोजींना मिळाली आणि छत्तीसगड बिंबाजींच्या वाट्याला आले. दरबारी माणसाच्या लेखी ही बढती नव्हे, अडगळच! मुधोजी आणि साबाजी हे दुसरे दोघे भाऊ जानोजींच्या मागे गादीसाठी झुंजत राहिले. त्या भाऊबंदकीत १७७५ साली पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले.

बिंबाजी मात्र १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरातच राहिले. दरबार स्वतःचा, फौज स्वतःची. नागपूरचा अंमल नावापुरता. रामटेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. त्यांच्या दरबारात मराठी आणि मोडी आली. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल इथे त्यांनीच रुजवली, असे सांगतात. त्यांची राजवट रामराज्य होती, असा आमचा दावा नाही. पण राजा गावात होता, हे थोडे नव्हे.

त्यांच्या मागून पुतणे व्यंकोजी आले. म्हणजे राहायला आलेच नाहीत. त्यांनी नागपुरात बसून सुभेदारांकरवी कारभार हाकला. सुभेदाराची नजर वसुलीवर, आणि वसूल जाणार नागपुरास. त्याच शतकात आयर्लंडचे कितीतरी उमराव लंडनच्या दरबारात राजकारण करत आणि मागे राहिलेल्या कुळांच्या खंडावर जगत. जात एकच. १८१८ नंतर कारभार इंग्रजांच्या हाती गेला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

आमचे मत स्पष्ट आहे: छत्तीसगडातल्या मराठी माणसाने पूर्वज निवडायचाच, तर तो व्यंकोजी नव्हे, बिंबाजी असावा.

नवरात्रात आपल्यातले पुष्कळजण महामायेच्या दर्शनाला रतनपुरास जातात आणि तसेच परततात. पुढच्या खेपेस रामटेकडीही चढा. आणि दुर्ग, रायपूर, बिलासपूरच्या जुन्या घरांत कुणाकडे मोडी कागद असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.